वेळापत्रकात लपलेला वारा

गेल्या हिवाळ्यात एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिक्षकांसाठी दोन दिवसांचे शिबिर होते. दुसऱ्या दिवशी दुपारी शंकासमाधानाचा तास ठेवला होता. अशा तासाला कोणते प्रश्न येतात हे मला आता जवळजवळ पाठ झाले आहे, आणि उत्तरेही. त्यामुळे ‘पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग विमान नुसते वर जाऊन थांबले तर पश्चिमेकडची गावे आपोआप त्याच्या खाली येणार नाहीत का?’ ही चिठ्ठी उघडली तेव्हा मी फारसा विचार न करता बोलू लागलो. वातावरण पृथ्वीबरोबरच फिरते, विमान वातावरणात उडते, म्हणून पृथ्वीच्या फिरण्याचा विमानाला फायदा नाही की तोटा नाही. एवढ्यावर थांबलो असतो तर बरे झाले असते. पण ओघात पुढे म्हणून गेलो, “पूर्वेला जा नाहीतर पश्चिमेला, अंतर तेच, वेळही तोच.”

मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. “सर, रागावणार नसाल तर एक दाखवू का?” त्यांच्या हातात वहीचा एक कागद होता. चिठ्ठीतला प्रश्न त्यांच्या आठवीतल्या एका मुलीचा होता. तिची आत्या लंडनला असते आणि दिवाळीनंतर येऊन गेली होती. तिच्या तिकिटावरच्या वेळा मुलीने उतरवून घेतल्या होत्या: मुंबईहून रात्री २ वाजता सुटणे, लंडनला सकाळी ६.३० ला पोहोचणे. लंडनहून सकाळी १० ला सुटणे, मुंबईला रात्री १२.३० ला पोहोचणे. खाली तिने गणित केले होते. लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणून जाताना १० तास आणि येताना ९ तास. त्याखाली एकच ओळ होती: ‘एक तास कुठे गेला?’

मी कागद ठेवून घेतला आणि चहाची वेळ झाल्याचे जाहीर केले. हा लेख म्हणजे त्या दिवशी द्यायला हवे होते ते उत्तर आहे. ते जरा लांबले आहे, कारण ‘अंतर तेच, वेळही तोच’ या माझ्या वाक्यातले दोन्ही भाग तपासून पाहावे लागले.

अंतर कोणते मोजायचे?

आधी अंतर. वर्गात जगाचा नकाशा टांगा आणि मुंबईपासून लंडनपर्यंत फूटपट्टी ठेवा. पट्टीची कड इराणच्या आखाताजवळून, तुर्कस्तान आणि सीरियाच्या सीमेच्या आसपासून आणि पुढे बाल्कन देशांवरून जाते. नकाशा कोणत्या पद्धतीने काढला आहे त्यानुसार ती थोडी इकडेतिकडे सरकेल. आता पृथ्वीगोल घ्या, एक दोरा मुंबईवर धरा, दुसरे टोक लंडनवर, आणि दोरा ताणून घट्ट करा. ताणलेला दोरा स्वतःच सर्वांत जवळचा मार्ग शोधतो. तो सौराष्ट्र आणि कच्छवरून सिंध, बलुचिस्तान, पूर्व इराण असा जाऊन कॅस्पियन समुद्राच्या दक्षिण टोकाला लागतो. बरोबर मध्यावर तो आर्मेनिया आणि जॉर्जियाच्या सीमेवर असतो. तिथून काळा समुद्र, युक्रेन, चेक प्रजासत्ताक, जर्मनी आणि लंडन. पट्टीचा मार्ग आणि दोऱ्याचा मार्ग मध्यावर काही शे कि.मी. दूर असतात. मुलांनी हे स्वतः करून पाहायला हवे, कारण सपाट नकाशावरची सरळ रेघ म्हणजे जवळचा रस्ता हा समज नुसत्या सांगण्याने जात नाही.

गोल जर ३० सें.मी. व्यासाचा असेल तर त्याचा परीघ सुमारे ९४ सें.मी. भरतो. पृथ्वीचा परीघ ४०,००० कि.मी. धरला, की गोलावरचा १ सें.मी. म्हणजे साधारण ४२५ कि.मी. दोरा मोजला तर १७ सें.मी.च्या आसपास येतो, म्हणजे सुमारे ७,२०० कि.मी.

ज्यांना त्रिकोणमिती चालते त्यांच्यासाठी हेच गणिताने. मुंबई विमानतळ १९.१ अंश उत्तर, ७२.९ अंश पूर्व. लंडनचा हीथ्रो विमानतळ ५१.५ अंश उत्तर आणि शून्य रेखावृत्ताच्या किंचित पश्चिमेला. रेखांशातला फरक ७३.३ अंश. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार ०.२५६ येतो. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांश-फरकाचा कोसाइन या तिघांचा गुणाकार ०.१६९. बेरीज ०.४२५. ज्या कोनाचा कोसाइन ०.४२५ आहे तो कोन ६४.८५ अंश. पृथ्वीच्या केंद्रातून पाहिले तर मुंबई आणि लंडन यांच्यात एवढा कोन आहे. एका अंशाला १११.२ कि.मी., म्हणून अंतर ७,२१० कि.मी. दोऱ्याने काढलेले उत्तर याच्या इतके जवळ येते, की मला दरवेळी नव्याने गंमत वाटते.

अर्थात विमान या दोऱ्यावरून जातेच असे नाही. आकाशालाही सरहद्दी असतात. फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात पाकिस्तानने आपल्या हवाई हद्दीचा बराचसा भाग बंद ठेवला होता, आणि एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांसाठी तो पुन्हा बंद केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले. वरचा दोरा या दोन्ही देशांवरून जातो हे लक्षात घ्या. मग अरबी समुद्रावरून, आखातावरून वळसा घालून जावे लागते आणि अंतर काही शे कि.मी.ने वाढते. पुढच्या हिशेबासाठी आपण प्रत्यक्ष मार्ग ७,६०० कि.मी. धरू.

पण वळसा जाताना आणि येताना सारखाच असेल तर तासाभराचा फरक त्याने पडत नाही. म्हणून आता वेळेकडे वळू.

घड्याळांची फसवणूक

वेळापत्रकात दोन्ही वेळा ज्या त्या गावच्या असतात. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची, लंडनची शून्याची. दर १५ अंशांना एक तास, म्हणून साडेपाच तास. उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये घड्याळे एक तास पुढे करतात, तेव्हा हा फरक साडेचार तासांचा होतो. मुलांनी उदाहरण करताना तारीख विचारलीच पाहिजे.

आता समजा, त्या मुलीला हा फरक ठाऊक नसता. तिने सरळ वजाबाकी केली असती: जाताना साडेचार तास, येताना साडेचौदा तास. दोन्ही उत्तरे चूक. पण त्यांची सरासरी काढा. साडेनऊ येते, आणि ती मात्र खरी आहे! कारण जाताना जेवढा वेळ घड्याळाने खाल्ला तेवढाच येताना परत केला. दोन गावांच्या प्रमाणवेळा माहीत नसल्या तरी नुसत्या वेळापत्रकावरून एका खेपेचा सरासरी वेळ अचूक मिळतो. हे उदाहरण सातवी-आठवीच्या वर्गात जरूर घ्यावे.

याची दुसरी बाजू जास्त मजेदार आहे. साडेचौदा आणि साडेचार यांतला फरक १० तास, त्याचा निम्मा ५. म्हणजे जाण्यायेण्याला सारखाच वेळ लागतो असे धरले, तर घड्याळांतला फरक पाच तास निघतो. प्रत्यक्षात तो साडेपाच आहे. हा उरलेला अर्धा तास दोन्ही खेपांत मिळून एक तास होतो. मुलीने विचारलेला हरवलेला तास तो हाच. वेळापत्रकात तो दिसत नाही, कारण घड्याळाच्या फरकाआड तो लपून बसतो. शिबिरात माझी फसगत झाली ती इथे.

थांबलेले विमान

आता मूळ प्रश्न. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० कि.मी. वेगाने पूर्वेकडे जात असते. विषुववृत्तावर हा वेग १,६७० असतो, लंडनला १,०४०. वर गेलेले विमान जर या फिरण्यातून सुटून एका जागी थांबू शकत असते, तर त्याच्या खालून अरबी समुद्र, ओमान, सौदी अरेबियाचे वाळवंट, मग सुदान असे सरकत गेले असते. (लंडन मात्र कधीच आले नसते, कारण अक्षांश बदलत नाही. हे मुलांच्या सहसा लक्षात येत नाही.) आणि ताशी ९०० कि.मी. वेगाने पूर्वेला निघालेले विमान कोलकात्याला कधीही पोहोचले नसते. कोलकाता पुढे १,५०० च्या वर वेगाने पळते आहे आणि विमान मागून ९०० ने येते आहे! मुंबईहून कोलकात्याला विमाने रोज पोहोचतात, तेव्हा कल्पना चूक असली पाहिजे.

शिवाय त्या मुलीच्या कागदाकडे पुन्हा पाहा. पृथ्वीच्या फिरण्यामुळे लंडन आपल्याकडे येत असते तर जाताना वेळ कमी लागायला हवा होता. तो जास्त लागतो. म्हणजे आकडे तिच्या कल्पनेच्या उलट आहेत, आणि माझ्या ‘काही फरक पडत नाही’ या उत्तराच्याही विरुद्ध आहेत. दोघेही चुकलो होतो, पण आकडे तिने आणले होते.

आपण वर्गात सहसा एसटीत वर उडवलेल्या चेंडूचे उदाहरण देतो. चेंडू हातातच परत पडतो, कारण गाडीचा वेग त्याच्यात आधीच असतो. उदाहरण बरोबर आहे, पण विमानासाठी अपुरे आहे. चेंडू हवेत अर्धा सेकंद असतो. विमान दहा तास असते, आणि त्या सगळ्या वेळात ते हवेला रेटून, हवेवर रेलून चालते. मला एसटीतल्या माशीचे उदाहरण जास्त पटते. खिडक्या बंद असलेल्या गाडीत माशी पुढच्या बाकाकडून मागच्या बाकाकडे आरामात उडत जाते. गाडी ताशी ६० कि.मी.ने धावते आहे याचे तिला काहीच नसते, कारण आतली हवा गाडीबरोबर चालली आहे. आता पुढची खिडकी उघडा. हवा आतल्या आत वाहू लागते. आता माशीला मागे जायला कमी वेळ लागतो आणि पुढे यायला जास्त.

हवा पृथ्वीबरोबर फिरते हे जवळजवळ खरे आहे. ते जेवढे खरे नाही, तेवढ्याला आपण वारा म्हणतो.

नाव आणि प्रवाह

गणिताच्या पुस्तकातले नाव आणि प्रवाह हे प्रकरण मुलांना कंटाळवाणे वाटते. नावेचा संथ पाण्यातला वेग, प्रवाहाचा वेग, प्रवाहाच्या दिशेने जाताना बेरीज, उलट जाताना वजाबाकी. तेच प्रकरण इथे जसेच्या तसे लागू पडते. नावेच्या जागी विमान, नदीच्या जागी हवा.

आत्याच्या तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, उतरल्यावर पुन्हा रांगणे हे सगळे आले. त्यासाठी दोन्ही वेळा अर्धा अर्धा तास वजा करू. जाताना साडेनऊ तास, येताना साडेआठ. ७,६०० ला भागले तर जातानाचा वेग ताशी ८००, येतानाचा सुमारे ८९४. सरासरी ८४७ हा विमानाचा हवेतला वेग, आणि फरकाचा निम्मा, ४७, हा वाऱ्याचा वेग. मोठ्या जेट विमानाचा सरळ उड्डाणातला वेग ताशी ९०० च्या आसपास असतो. चढताना आणि उतरताना तो कमी असल्यामुळे सरासरी ८४७ येणे ठीकच आहे. तेव्हा उत्तर असे निघते, की मुंबई आणि लंडनमधल्या सबंध वाटेवर सरासरीने ताशी ४५-५० कि.मी.चा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आहे. दोन वेळांच्या नोंदीवरून आठवीतल्या मुलीला दहा-अकरा कि.मी. उंचीवरचा वारा मोजता येतो, ही गोष्ट मला कुठल्याही उपकरणापेक्षा मोलाची वाटते.

इथे वर्गात एक शंका हमखास निघेल. जाताना वाऱ्याने जेवढे अडवले तेवढेच येताना ढकलले, म्हणजे एकूण खेपेत फिटंफाट झाली ना? नाही झाली. सोपे आकडे घेऊ. अंतर ७,२०० कि.मी., विमानाचा वेग ९००, वारा १००. वारा नसताना जाऊन येऊन ८ अधिक ८, १६ तास. वारा असताना जाताना ७,२०० भागिले ८००, म्हणजे ९ तास. येताना ७,२०० भागिले १,०००, म्हणजे ७ तास १२ मिनिटे. एकूण १६ तास १२ मिनिटे. बारा मिनिटे तोटा. कारण उलट वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते आणि सुलट वाऱ्यात कमी. वारा कुठल्याही बाजूने वाहो, जाऊन येऊन हिशेब केला तर तोटाच. (सरासरी वेग काढताना दोन वेगांची बेरीज करून दोनाने भागू नये, हे मुलांना पटवून द्यायला याहून चांगले उदाहरण माझ्याजवळ नाही. मी वर तसे भागले ते हवेतला वेग काढण्यासाठी, खेपेचा सरासरी वेग काढण्यासाठी नव्हे.)

झोतवारे

या उंचीवर वाहणाऱ्या जोरदार पश्चिमी वाऱ्यांना जेट प्रवाह किंवा झोतवारे म्हणतात. हजारो कि.मी. लांब, काही शे कि.मी. रुंद आणि जेमतेम काही कि.मी. जाड असा हवेचा पट्टा पृथ्वीभोवती नागमोडी वळणे घेत वाहतो. त्याच्या मध्यावर वेग ताशी १५० ते २५० कि.मी. सहज असतो, हिवाळ्यात कधी ३०० च्या पुढेही जातो. आपल्या हिवाळ्यात असा एक झोत हिमालयाच्या दक्षिणेकडून उत्तर भारतावरून वाहतो. उन्हाळ्यात तो सरकून तिबेटच्या उत्तरेला जातो.

मग आपल्या गणितात वारा फक्त ४७ कसा आला? एक तर लंडन मुंबईच्या थेट पश्चिमेला नाही, वायव्येला आहे. वाऱ्याचा जो भाग वाटेच्या दिशेने असतो तेवढाच मोजला जातो. दुसरे म्हणजे सगळ्या वाटेवर झोतवारा नसतो. आणि तिसरे कारण माणसाचे आहे: मार्ग आखणारे लोक जाताना झोत चुकवतात आणि येताना शक्य तेवढा पकडतात. म्हणजे जाण्याचा आणि येण्याचा मार्ग एकच असेलच असे नाही. ‘अंतर तेच’ हा माझ्या वाक्याचा पहिला अर्धाही इथे गळून पडला.

झोतवाऱ्यांच्या शोधाची हकिकत चुटपुट लावणारी आहे. जपानमधल्या तातेनो येथील वेधशाळेचे वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात हवेत फुगे सोडून दुर्बिणीने त्यांचा माग काढला. हिवाळ्यात उंचावरचे फुगे विलक्षण वेगाने पूर्वेकडे पळतात हे त्यांनी नोंदवले. हा शोध जगभर पोहोचावा म्हणून त्यांनी १९२६ चा आपला अहवाल एस्पेरांतो या नव्या विश्वभाषेत लिहिला. ती भाषा जाणणारे हवामानशास्त्रज्ञ जगात फारसे नव्हतेच, आणि अहवालाकडे कोणाचे लक्ष गेले नाही. नोव्हेंबर १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ बाँबफेकी विमाने टोकियोवर मोठ्या उंचीवरून आली, तेव्हा त्यांना हा वारा अनपेक्षितपणे भेटला आणि बाँब नेमके पडेनात. त्याच सुमारास जपानने याच वाऱ्यावर कागदी फुग्यांना बाँब बांधून पॅसिफिकपार सोडायला सुरुवात केली. एप्रिल १९४५ पर्यंत असे सुमारे नऊ हजार फुगे सोडले गेले, आणि त्यांतले काहीशे अमेरिकेत पोहोचले.

शांततेच्या काळातली दोन उदाहरणे वर्गात सांगण्याजोगी आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर मोठे वादळ होते आणि झोतवारा फार जोरात होता. त्या वेळी ब्रिटिश एअरवेजचे एक बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. एरवी साडेसहा-सात तास लागतात. वाटेत जमिनीच्या मानाने त्याचा वेग ताशी १,३०० कि.मी.च्या वर गेला होता. त्या उंचीवर ध्वनीचा वेग सुमारे १,०६० असतो. मग विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला का? नाही. ध्वनीही हवेतूनच जातो, आणि हवेच्या मानाने विमान नेहमीच्याच वेगाने चालले होते. प्रवाहातला पोहणारा काठावरच्या माणसाला मागे टाकतो, म्हणून त्याच्या हातात जास्त बळ आले असे होत नाही.

दुसरे उदाहरण आपल्याकडचे. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे एअर इंडियाचे विमान पूर्वी पश्चिमेकडून, युरोप आणि अटलांटिकवरून जात असे. तो मार्ग सुमारे १३,९०० कि.मी.चा. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट, पूर्वेकडून पॅसिफिकवरून नेण्यात आले. हा मार्ग सुमारे १५,३०० कि.मी.चा, म्हणजे १,४०० कि.मी. जास्त. तरीही ते साडेचौदा तासांत पोहोचले, जवळजवळ दोन तास लवकर. अंतर जास्त आणि वेळ कमी! आता गोलावर दिल्लीपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत दोरा ताणा. दोरा या दोन्ही वाटांनी जात नाही. तो जवळजवळ सरळ उत्तरेला, तिबेट आणि सायबेरिया ओलांडून ७५ अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि अलास्काकडून खाली उतरतो. लांबी १२,४०० कि.मी.पेक्षा थोडी कमी. हा सर्वांत जवळचा मार्ग, पण त्यात तिबेट आडवे येते. विमानाच्या आतल्या हवेचा दाब गेला तर वैमानिकाला लगेच तीन कि.मी. उंचीपर्यंत खाली यावे लागते, आणि प्रवाशांना पुरवायचा प्राणवायू काही मिनिटांचाच असतो. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार कि.मी.च्या वर आहे. खाली यायला जागाच नाही.

वारा तरी कुठून आला?

आता राहिला एकच प्रश्न, आणि तो त्या मुलीला पुन्हा तिच्या पहिल्या वाक्याकडे नेतो. हे वारे पश्चिमेकडूनच का वाहतात?

विषुववृत्तावर तापून वर चढलेली हवा उंचावरून ध्रुवांच्या दिशेने पसरते. विषुववृत्तावर असताना ती जमिनीबरोबर ताशी १,६७० कि.मी.ने पूर्वेकडे जात होती. ती ३० अंश अक्षांशावर आली, की तिथली जमीन ताशी १,४४६ नेच चाललेली असते. हवेने आपला जुना वेग तसाच ठेवला तरी ती जमिनीच्या २२४ कि.मी. पुढे धावेल. जमिनीवर उभ्या असलेल्याला हा पश्चिमेकडून येणारा वारा वाटतो. खरे तर वेग नुसता टिकत नाही, वाढतो. हात पसरून गिरकी घेणारी नर्तकी हात जवळ घेते तेव्हा गिरकी वाढते, तशी पृथ्वीच्या अक्षाजवळ सरकणारी हवा जास्त वेगाने फिरू लागते. घर्षण आणि घुसळण यांमुळे त्यातला बराच वेग विरतो आणि मघाशी सांगितलेले १५० ते २५० उरतात. त्याहून उत्तरेला जो दुसरा झोत असतो त्याचे गणित जरा वेगळे आहे. थंड आणि उबदार हवेच्या सीमेवर तो वाहतो, म्हणून हिवाळ्यात, तापमानातला फरक वाढला, की तोही जोर धरतो. पण त्यालाही पूर्वेकडे वळवते ती पृथ्वीची गतीच.

म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा विमानाच्या वेळेशी संबंध आहे, ही मुलीची शंका खोटी नव्हती. फक्त मधला दुवा तिला माहीत नव्हता आणि त्यामुळे दिशा उलटी धरली गेली. लंडन आपल्याकडे सरकत नाही. फिरणारी पृथ्वी हवेला पूर्वेकडे पळवते आणि ती हवा लंडनला निघालेल्या विमानाला अडवते.

हे सगळे मी बाईंना पत्राने कळवले. वर्गासाठी एक सोपा उपक्रमही सुचवला. परदेशाच्या वेळापत्रकात घड्याळांचा घोळ होतो, तेव्हा आपल्याच देशातली पूर्व-पश्चिम जोडी घ्या: मुंबई–कोलकाता किंवा दिल्ली–गुवाहाटी. दोन्ही गावांचे घड्याळ एकच, त्यामुळे काही वजा करायला नको. हिवाळ्याच्या वेळापत्रकात परतीचा, म्हणजे पश्चिमेकडे येतानाचा वेळ जास्त दिलेला दिसेल. ताडून पाहायला मुंबई–दिल्ली ही साधारण दक्षिणोत्तर जोडी घ्या.

पंधरा दिवसांत उत्तर आले. मुलांनी जोड्या शोधल्या होत्या, तक्ता केला होता, आणि फरक अपेक्षेप्रमाणे निघाला होता. खाली त्याच मुलीच्या अक्षरात एक पुरवणी होती. भूगोलाच्या तासाला तिने ऐकले होते की पावसाळ्यात दक्षिण भारतावर उंचावरून पूर्वेकडून जोराचा वारा वाहतो. हे खरे आहे. भारतीय हवामान खात्यातील शास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये या पूर्वी झोतवाऱ्यावर महत्त्वाचा निबंध लिहिला. तो जून ते सप्टेंबर या काळात साधारण १४-१५ कि.मी. उंचीवर सर्वांत जोरात असतो, पण त्याचा जोर विमानांच्या उंचीवरही जाणवतो. तर तिने विचारले होते, जुलैमध्ये मुंबईहून चेन्नईला जाताना जास्त आणि येताना कमी वेळ लागेल का?

लागायला हवा. पण छापील वेळापत्रक सबंध हंगामाचे, मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर, एकच असते आणि त्यात रोजचा वारा दिसत नाही. त्यासाठी विमान खरोखर किती वाजता उडाले आणि किती वाजता टेकले याच्या रोजच्या नोंदी हव्यात, निदान महिनाभराच्या. तसे तिला लिहिले आहे. जुलै यायला अजून अवकाश आहे.